वाढत्या शहराचे रस्ते कसे तपासावेत : जोडणी, बंद टोके आणि पसरण

शहराच्या कडेला नवी वसाहत उभी राहिली की तेथील रहिवाशांची पहिली तक्रार खड्ड्यांची असते, दुसरी पथदिव्यांची आणि तिसरी रस्त्याच्या रुंदीची. तिन्ही तक्रारी रास्त आहेत आणि उशिरा का होईना, त्यांवर इलाज निघतो. मात्र एका दोषाची तक्रार सहसा कोणी करत नाही, आणि तो एकदा घडला की दोन पिढ्या तसाच राहतो. तो म्हणजे एका वसाहतीचा रस्ता शेजारच्या वसाहतीच्या रस्त्याला मिळतच नाही. घरे बांधून झाली, खरेदीखते झाली, कंपाउंड चढले, की त्या दोन रस्त्यांमधली एका प्लॉटाएवढी जागा मोकळी करण्यासाठी भूसंपादन करावे लागते. आणि एवढ्याशा तुकड्यासाठी मोबदला, सुनावणी आणि कोर्टकचेरी अंगावर घ्यायला कोणतीही महापालिका किंवा नगरपरिषद सहजासहजी धजावत नाही.

हा दोष मोजता येतो, आणि त्यासाठी नगररचनेची पदवी लागत नाही. नकाशा वाचता येणारा कोणीही, मग तो वॉर्डातील नागरिक समितीचा सदस्य असो, भूगोलाचा शिक्षक असो, स्थापत्य शाखेचा विद्यार्थी असो किंवा प्लॉट घ्यायला निघालेले कुटुंब असो, थोडा वेळ देऊन आपल्या गावाचे आकडे काढू शकतो. पुढील विवेचनातील उदाहरणे मराठवाड्यातली आहेत, कारण येथे शहरे ज्या रीतीने शेतात शिरली ती रीतच या दोषाचे मूळ आहे.

जोडणी आणि पसरण या दोन वेगळ्या गोष्टी

सुरुवातीलाच एक गल्लत टाळली पाहिजे. रस्त्यांची जोडणी म्हणजे एका ठिकाणाहून दुसरीकडे जायला किती मार्ग आहेत आणि ते किती सरळ आहेत. शहराची पसरण म्हणजे तितक्याच लोकांसाठी किती जमीन खर्ची पडली. बहुतेक ठिकाणी या दोन्ही गोष्टी हातात हात घालून बिघडतात, म्हणून त्या एकच वाटतात. पण तसे असलेच पाहिजे असे नाही.

याचे उत्तम उदाहरण किल्लारी परिसरात आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतील ५२ गावांचे नव्या जागी पुनर्वसन झाले. जुन्या गावांतील वाडे एकमेकांना खेटून होते आणि बोळ अरुंद होते. ढिगाऱ्यात अडकलेल्यांपर्यंत पोहोचणे त्यामुळे कठीण झाले, आणि म्हणून नव्या गावांत रुंद, सरळ रस्ते आणि सुट्या प्लॉटांवर सुटी घरे, अशी आखणी करण्यात आली. रस्ते मोजायला गेले तर अशा आखणीत चौक भरपूर सापडतात आणि कागदावरची जोडणी चांगली दिसते. पण गाव कितीतरी अधिक जागेवर पसरल्यामुळे पारापर्यंत, शाळेपर्यंत किंवा शेजारच्या भावकीपर्यंतचे अंतर वाढले. जोडणी चांगली आणि पसरण मोठी, अशी ही जोडी आहे. उलट जुन्या शहरांतल्या मोहल्ल्यांत बंद बोळ पुष्कळ असतात, तरी शहर आटोपशीर असते. म्हणून दोन्हींची मोजणी स्वतंत्रपणे करावी आणि मगच दोन्ही आकडे शेजारी ठेवावेत.

नमुन्याचे चौकोन कोठे घ्यावेत

अख्खे शहर मोजण्याचा हव्यास सुरुवातीला धरू नये. एक किलोमीटर बाय एक किलोमीटरचे तीन चौकोन पुरेसे होतात : एक जुन्या वस्तीतला, एक नियोजन करून वसवलेल्या भागातला आणि एक गेल्या वीस-पंचवीस वर्षांत वाढलेल्या कडेचा. तिन्ही काळांची तुलना हाच या मोजणीचा गाभा आहे. एकट्या आकड्याला फारसा अर्थ नसतो.

छत्रपती संभाजीनगरात ही निवड सोपी आहे. १६१० मध्ये मलिक अंबरने खडकी वसवली तिथपासूनचे जुने शहर, म्हणजे गुलमंडी, सिटी चौक, सराफा, शहागंज हा भाग, पहिल्या चौकोनासाठी घ्यावा. येथील पैठण गेट, दिल्ली गेट अशा दरवाजांची नावेच सांगतात की मुख्य रस्ते दूरच्या गावांकडे रोखलेले होते आणि त्यांच्या मधल्या जागेत पुरे व मोहल्ले भरत गेले. दुसरा चौकोन सिडकोच्या एन-क्रमांकांच्या सेक्टरांपैकी घ्यावा. तेथे आधी कागदावर रस्ते पडले आणि मग घरे आली. तिसऱ्यासाठी बीड बायपासच्या दक्षिणेचा सातारा-देवळाईचा भाग घ्यावा. तो महापालिकेच्या हद्दीत उशिरा आला, तोपर्यंत वस्ती बरीच वाढलेली होती.

लातूरमध्ये पहिला चौकोन गंजगोलाईवर केंद्र धरून काढावा. गोलाईतून १६ रस्ते फुटतात आणि केंद्रापाशी जोडणी इतकी दाट आहे की मोजणी करणाऱ्याला आनंद व्हावा. परंतु अशा रचनेत भूमितीचा एक हिशेब दडलेला असतो. केंद्रातून समान कोनांत १६ सरळ रेषा काढल्या, तर १ किलोमीटरवर दोन शेजारच्या रेषांमधले अंतर सुमारे ३९० मीटर होते आणि २ किलोमीटरवर सुमारे ७८५ मीटर. प्रत्यक्ष रस्ते इतके सरळ जात नाहीत, पण कल लक्षात यावा : बाहेर जावे तसतशी मधली पाचर रुंदावते आणि आडवे रस्ते नसतील तर शेजारच्या पाचरीत जाण्यासाठी माणूस पुन्हा आत येतो. म्हणून लातूरचा दुसरा चौकोन रिंगरोडच्या आत आणि तिसरा बाहेर घ्यावा. नांदेडमध्ये जुने नांदेड आणि गोदावरीच्या पलीकडचा सिडको-हडको भाग, जालन्यात कुंडलिका नदीच्या दोन्ही काठांवरच्या वस्त्या, अशी निवड करता येईल. नदी, नाला किंवा रेल्वेमार्ग चौकोनाच्या मधून जात असेल तर तो टाळू नये; अडथळे हा मोजणीचाच भाग आहे.

नकाशा करावा, पण त्यावर विसंबू नये

ओपनस्ट्रीटमॅप हा विनामूल्य नकाशा आधाराला घ्यावा, कारण त्यातील रस्ते उतरवून घेऊन त्यांवर काम करण्याची मुभा आहे. संगणकाचा सराव असणाऱ्यांनी क्यूजीआयएस ही नकाशांवर काम करण्याची संगणकप्रणाली वापरावी. पायथॉन भाषा येत असेल तर ओएसएमएनएक्स ही साधनप्रणाली चौक, टोके आणि लांबी आपोआप काढून देते. यांपैकी काहीच येत नसेल तर चौकोनाचा मोठा छापील नकाशा आणि तीन रंगांची पेन्सिल यांवरही काम उत्तम होते. एका चौरस किलोमीटरसाठी तर हाताने मोजणेच मला अधिक विश्वासाचे वाटते.

कारण असे की नकाशा ज्या गोष्टीबद्दल खोटे बोलतो, नेमकी तीच आपल्याला मोजायची असते. मराठवाड्यातल्या शहरांच्या कडेचे नकाशे स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रावरून रेखलेले असतात. उपग्रहातून दोन रस्ते एकमेकांना भिडलेले दिसतात, पण जाग्यावर गेल्यावर मध्ये भिंत निघते, लोखंडी फाटक निघते किंवा दोन वसाहतींच्या पातळीत चार फुटांचा फरक असल्यामुळे फक्त पायी उतरता येते. याच्या उलटही घडते : नकाशात रस्ता संपतो, पण प्रत्यक्षात मोकळ्या प्लॉटातून मळलेली पायवाट असते आणि सारी वसाहत तीच वापरते. त्यामुळे नकाशातील प्रत्येक टोक आणि प्रत्येक संशयास्पद जोड प्रत्यक्ष फिरून पाहावा आणि त्याला चारपैकी एक खूण द्यावी : वाहन जाते, फक्त दुचाकी जाते, फक्त पायी जाता येते, काहीच जात नाही. फाटक असेल तर ते रात्री बंद होते का, हे चौकीदाराला किंवा कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला विचारावे. दुकानदार हमखास सांगतो, कारण त्याचे निम्मे गिऱ्हाईक त्या फाटकावर अवलंबून असते. मोकळ्या प्लॉटातील पायवाटेची नोंद वेगळ्या रंगाने करावी, कारण त्या प्लॉटावर घर बांधले गेले की ती वाट संपते.

गुगल अर्थ प्रो या संगणकावरील विनामूल्य आवृत्तीत जुनी उपग्रहचित्रे वर्षवार पाहता येतात. तिसऱ्या चौकोनासाठी उपलब्ध असलेले सर्वांत जुने स्पष्ट चित्र, मधले एखादे आणि अलीकडचे, असे तीन नकाशे करावेत. कोणती वसाहत आधी पडली आणि तिच्या शेजारची नंतर कशी आली, हे येथे स्पष्ट दिसते.

मोजणी : एका गटाचे उदाहरण

आता प्रत्यक्ष मोजणी. समजा मुख्य रस्त्याला लागून १०० मीटर रुंद आणि १६० मीटर खोल असा सुमारे चार एकरांचा एक गट, म्हणजे महसुली नोंदीत स्वतंत्र क्रमांक असलेली जमीन, आहे. मालकाने त्यात प्लॉटिंग केले आहे. मुख्य रस्त्यावरून मधोमध ९ मीटरचा एक रस्ता आत जातो. ४०, ८० आणि १२० मीटरवर त्याला डावी-उजवीकडे तेवढ्याच रुंदीचे फाटे फुटतात, आणि प्रत्येक फाटा ५० मीटरवर गटाच्या हद्दीपाशी संपतो. फणीसारखी ही रचना आपल्याकडे जागोजागी दिसते. शेजारच्या गटातही हुबेहूब अशीच वसाहत आहे.

प्रथम बिंदू मोजावेत. जेथे रस्ते मिळतात तो चौक किंवा तिठा हा एक बिंदू, आणि जेथे रस्ता संपतो ते टोक हाही एक बिंदू. एका गटात मुख्य रस्त्यावरचा तिठा १, आतल्या रस्त्यावरचे मिलनबिंदू ३ आणि बंद टोके ६, असे १० बिंदू होतात. दोन गटांचे मिळून २०. नंतर दोन बिंदूंमधले रस्त्याचे तुकडे मोजावेत. प्रत्येक गटात आतल्या रस्त्याचे ३ आणि फाट्यांचे ६ असे ९, दोन्हींचे १८, आणि दोन प्रवेशांमधला मुख्य रस्त्याचा १, असे १९ तुकडे होतात. चौकोनाच्या बाहेर जाणारे तुकडे धरायचे की सोडायचे, हे एकदा ठरवून सगळीकडे सारखेच पाळावे. येथे ते सोडले आहेत.

तुकड्यांच्या संख्येला बिंदूंच्या संख्येने भागले की १९ भागिले २० म्हणजे ०.९५ येते. हे गुणोत्तर जोडणीचे सर्वांत सोपे माप आहे. सर्व बाजूंनी चौक असलेल्या मोठ्या जाळीत ते २ च्या जवळ जाते, १.४ किंवा त्याहून अधिक असेल तर जोडणी चांगली, असा नियोजनकारांचा सर्वसाधारण दंडक आहे. आणि १ च्या खाली आले तर त्या भागात एकही वळसा, म्हणजे फिरून पुन्हा त्याच जागी आणणारी रस्त्यांची साखळी, नाही आणि कोणत्याही दोन ठिकाणांमध्ये एकच मार्ग आहे, असे समजावे. वळसे थेट काढायचे असतील तर तुकड्यांतून बिंदू वजा करून १ मिळवावा : १९ वजा २० अधिक १, म्हणजे शून्य. सलग जोडलेल्या जाळ्याला हे सूत्र लागू पडते. बंद टोकांचे प्रमाण २० पैकी १२, म्हणजे ६० टक्के.

आता कल्पना करावी की हद्दीवरची भिंत नाही आणि समोरासमोरचे तीन फाटे एकमेकांना मिळाले आहेत. सहा बंद टोके नाहीशी झाली आणि सहा तुकड्यांचे तीन झाले. बिंदू १४, तुकडे १६, गुणोत्तर १.१४, वळसे ३, बंद टोकांचे प्रमाण ४३ टक्के. रस्त्याची लांबी एक मीटरही वाढली नाही. मात्र जेथे फाट्याच्या टोकाला प्लॉट आडवा टाकलेला असतो, तेथे या जोडणीची किंमत त्या एका प्लॉटाएवढी होते, आणि सारा प्रतिकार त्यासाठीच असतो.

रहिवाशाला याचा अर्थ काय? तिसऱ्या फाट्याच्या टोकाचे घर आणि भिंतीपलीकडच्या वसाहतीतले पाठीला पाठ लावून असलेले घर यांत जेमतेम १० मीटर अंतर आहे. भिंत असताना एका घरातून दुसऱ्यात जाण्यासाठी ५० मीटर फाटा, १२० मीटर आतला रस्ता, १०० मीटर मुख्य रस्ता आणि पुन्हा १२० व ५० मीटर, असे ४४० मीटर जावे लागते, आणि मधले १०० मीटर ट्रक व ट्रॅव्हल्सच्या रहदारीतून. शाळेत जाणारे पोर पलीकडच्या गल्लीतल्या मित्राकडे महामार्गावरून जाते ते यामुळे. चौकोनात अशा दहा-बारा जोड्या निवडून प्रत्येकीचे रस्त्याने अंतर आणि हवाई अंतर यांचे गुणोत्तर काढावे. त्यांतील निदान निम्म्या जोड्या एखादी शाळा, बसथांबा, दवाखाना किंवा बाजार यांच्याशी जोडलेल्या असाव्यात, नाहीतर गुणोत्तर फुगवून दाखवल्याचा आक्षेप येतो आणि तो खरा असतो.

याच उदाहरणात आणखी एक गोष्ट तपासण्यासारखी आहे. प्रत्येक गटात आतला रस्ता १२० मीटर आणि फाटे ३०० मीटर, मिळून ४२० मीटर रस्ता आहे. दर चौरस किलोमीटरला हे प्रमाण २६ किलोमीटरच्या वर जाते. यूएन-हॅबिटॅट या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेने शहरांसाठी दर चौरस किलोमीटरला किमान १८ किलोमीटर रस्ते असावेत अशी शिफारस केली आहे. म्हणजे एकही वळसा नसलेली ही वसाहत लांबीच्या कसोटीला आरामात उतरते. याच संस्थेची दुसरी शिफारस किमान ३० टक्के जमीन रस्त्यांसाठी असावी अशी आहे. येथे ती सुमारे २४ टक्के भरते. तात्पर्य, ‘आमच्या प्रभागात इतके किलोमीटर रस्ते झाले’ असे कोणी सांगितले तर त्यावरून जोडणीबद्दल काहीही कळत नाही.

जुन्या शहराचे आकडे वाचताना थोडी सबुरी ठेवावी. तेथेही बंद टोकांचे प्रमाण मोठे निघू शकते. पण वीस-तीस मीटरचा, चार घरांच्या सामाईक अंगणासारखा बोळ आणि दीडशे-दोनशे मीटरचा बंद फाटा यांना एकाच तागडीत तोलणे बरोबर नाही. म्हणून टोकांची लांबीही टिपावी आणि ५० मीटरपेक्षा मोठी बंद टोके वेगळी मोजावीत. तसेच औद्योगिक वसाहतींच्या चौकोनात जाळी रेखीव दिसली तरी भूखंड मोठे असल्यामुळे चौक विरळ असतात. पायी चालणाऱ्याला ती जाळी कामाची ठरत नाही.

दोष कोठे घडतो : गटाची हद्द

आकडे हाती आल्यावर बंद टोकांवर गट नकाशा ठेवून पाहावा. महसूल विभागाच्या महाभूनकाशा या संकेतस्थळावर गटांच्या हद्दी दिसतात. बहुतेक बंद टोके गटाच्या हद्दीवर रांगेने उभी असलेली आढळतील.

कारण उघड आहे. मराठवाड्यातील शेत वाटण्यांमधून लांबट पट्ट्यांचे झालेले असते आणि प्रत्येक पट्ट्याला रस्त्याचे तोंड मिळावे अशी वाटणी करण्याची रीत असते. शहर जवळ आले की प्रत्येक पट्ट्याचा मालक किंवा विकसक आपापल्या गटापुरते प्लॉटिंग करतो. मुख्य रस्त्यावरून एक तोंड घेतो आणि मागे-पुढे काय आहे हे पाहत नाही. अकृषिक परवानगी आणि मंजूर ले-आऊट असेल तर निदान नगररचना विभागाच्या टेबलावरून नकाशा जातो. गुंठेवारीत तेही होत नाही. ४० गुंठ्यांच्या एकरातून एकेक, दोन-दोन गुंठे बॉण्डवर विकले जातात. वीस फुटांचा, कधी पंधरा फुटांचा रस्ता सोडल्याचे तोंडी सांगितले जाते आणि त्याच्या टोकालाही शेवटी एक प्लॉट विकला जातो. २००१ च्या महाराष्ट्र गुंठेवारी विकास अधिनियमाने अशी बांधकामे नियमित करण्याची सोय केली आणि २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामे त्या कक्षेत आणली. घर नियमित होते, मालकाच्या डोक्यावरची टांगती तलवार जाते, हे चांगलेच झाले. पण त्यासोबत तेथील रस्त्यांची रचनाही जशी आहे तशी कायम होते.

रस्त्यांची ही चिकाटी केवळ आपल्याकडची नाही. क्रिस्तोफर बॅरिंग्टन-ली आणि अ‍ॅडम मिलार्ड-बॉल या संशोधकांनी २०१५ मध्ये अमेरिकेतील आणि २०२० मध्ये जगभरातील रस्त्यांच्या जाळ्यांचा काळानुसार अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेत विसाव्या शतकात नवे रस्ते अधिकाधिक तुटक होत गेले आणि १९९० च्या दशकाच्या मध्यानंतर तो कल उलटला. जगाच्या पातळीवर मात्र नव्या वाढीत तुटकपणाकडे कल असल्याचे त्यांना आढळले. इमारती पडतात, पुन्हा उभ्या राहतात, पण रस्त्यांची आखणी टिकून राहते, ही त्यांच्या मांडणीतली आपल्या उपयोगाची गोष्ट आहे.

हद्दीखेरीज दुसरे कारण मोठे अडथळे. संभाजीनगरात जुने शहर आणि सातारा-देवळाई यांच्यामध्ये आधी रेल्वेमार्ग आणि मग बीड बायपास येतो. दोन्ही ओलांडण्याच्या जागा मोजक्या असल्यामुळे सारी वाहतूक तेथेच गोळा होते. समृद्धी महामार्गासारखा प्रवेश-नियंत्रित रस्ता तर भुयारी मार्ग आणि पूल सोडून कोठेच ओलांडता येत नाही. त्यामुळे अडथळ्याच्या प्रत्येक किलोमीटरमागे ओलांडण्याच्या किती जागा आहेत, त्यांतून पायी जाता येते का आणि पावसाळ्यात त्या पाण्याखाली जातात का, ही नोंद स्वतंत्रपणे करावी.

पसरण मोजताना

पसरण मोजण्याची जागतिक पद्धत अशी आहे की जमीन वापराच्या वाढीचा वेग लोकसंख्यावाढीच्या वेगाने भागावा. समजा एखाद्या शहराचे बांधकामाखालील क्षेत्र दहा वर्षांत ४० चौरस किलोमीटरवरून ७० वर गेले आणि लोकसंख्या ४ लाखांवरून ५ लाखांवर. जमीन दर वर्षी ७.५ टक्क्यांनी वाढली, लोकसंख्या सुमारे २.२ टक्क्यांनी, भागाकार ३.४ च्या आसपास. १ च्या पुढे गेलेला आकडा म्हणजे माणशी जमीन वाढते आहे. आपल्याकडे या सूत्रात अडचण लोकसंख्येची येते, कारण २०२१ ची जनगणना लांबल्यामुळे वॉर्डनिहाय तपशील २०११ चेच वापरावे लागतात. त्या वर्षी औरंगाबाद महापालिका हद्दीची लोकसंख्या ११.७५ लाख होती. त्यानंतर हद्दही बदलली, तेव्हा जुन्या-नव्या आकड्यांचा थेट भागाकार करू नये.

छोट्या चौकोनासाठी मी वेगळा मार्ग सुचवेन : घरामागे रस्ता किती मीटर, हे पाहावे. वरच्या गटात रस्ते आणि १० टक्के मोकळी जागा वजा करता ३० बाय ५० फुटांचे सुमारे ७६ प्लॉट बसतात. सगळे भरले तर घरामागे साडेपाच मीटर रस्ता पडतो. पण गुंतवणूक म्हणून घेतलेले प्लॉट वर्षानुवर्षे काटेरी कुंपणात पडून असतात. समजा चौथा हिस्सा म्हणजे १९ घरेच उभी राहिली, तर घरामागे २२ मीटर होतात. घंटागाडी, पथदिवे, ड्रेनेज आणि पाण्याची लाईन मात्र सगळ्या ४२० मीटरवर लागते. उपग्रहचित्रावर छपरे मोजून हा आकडा अर्ध्या दिवसात निघतो. पाण्याच्या बाबतीत बंद टोके आणि पसरण यांची गाठ पडते : वितरणाची वाहिनी रस्त्याखालून जाते, रस्ता बंद असला की बहुधा वाहिनीही तेथेच संपते, आणि काही दिवसांआड पाणी सोडणाऱ्या शहरात टोकाच्या घराला कमी दाबाने, सर्वांत शेवटी पाणी मिळते. वळसा असता तर वाहिनीला दोन्हीकडून पाणी देता आले असते. ‘आमच्याकडे पाणी चढत नाही’ या तक्रारींचे पत्ते नकाशावर टाकून पाहावेत.

आकड्यांचा उपयोग कोठे करावा

वसाहत पूर्ण भरली असेल तर नवा वाहनरस्ता मिळण्याची आशा फार धरू नये. मागणी पायवाटेची करावी. दोन-अडीच मीटर रुंदीची, दुचाकी अडवणारे खांब असलेली, दिव्याची पायवाट दोन्ही वसाहतींच्या मोकळ्या जागांमधून काढता येते आणि चालणाऱ्याचा लांबचा फेरा तिच्याने मिटतो. विरोध चोरीच्या भीतीने होतो. त्यावर आधी एका ठिकाणी, दोन्हीकडच्या रहिवाशांच्या संमतीने, रात्री बंद होणारे फाटक लावून सुरुवात करणे व्यवहार्य आहे.

अर्धवट भरलेल्या भागात नजर ले-आऊट मंजुरीवर ठेवावी. डिसेंबर २०२० पासून राज्याच्या बहुतेक भागांत लागू असलेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावलीत, म्हणजे यूडीसीपीआरमध्ये, जमिनीच्या विभाजनास परवानगी देताना लगतच्या जमिनींतील रस्त्यांशी समन्वय साधण्याची तरतूद आहे. शेजारच्या गटाचा नकाशा मंजुरीला गेला आहे असे कळताच आपल्या वसाहतीचे कोणते फाटे कोणत्या बिंदूवर हद्दीला टेकतात, याचा मोजमापांसह आराखडा नगररचना विभागाला लेखी द्यावा. नकाशा मंजूर होण्यापूर्वी दिलेले एक पानी पत्र नंतरच्या मोर्चापेक्षा अधिक काम करते.

जेथे अजून शेतेच आहेत तेथे शिवरस्ते, पाणंद आणि गाडीवाटा यांची यादी आधी करावी. गावनकाशावर दाखवलेल्या या वाटा बहुधा गटांच्या हद्दींवरून जातात, म्हणजे जेथे उद्या भिंती येणार तेथेच त्या आज आहेत. त्या टिकल्या तर वसाहतींमधले आडवे रस्ते आयतेच मिळतात. अतिक्रमण झाले असेल किंवा वाट अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. बांधावरून शेतात जाण्याच्या नव्या वाटेसाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम १४३ आहे. मोठ्या क्षेत्रासाठी महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये नगररचना परियोजनेचा मार्ग आहे : सर्व मालकांच्या जमिनी एकत्र आखून, रस्ते आणि सार्वजनिक जागा काढून, उरलेले नीट आकाराचे भूखंड त्यांना परत दिले जातात. गुजरातमध्ये शहरांची वाढ मोठ्या प्रमाणावर याच मार्गाने झाली. फणीसारखी रचना मुळात टाळणारा याहून चांगला उपाय माझ्या माहितीत नाही, परंतु त्याला मालकांचा विश्वास आणि कार्यालयाचा वेळ दोन्ही लागतात.

शहराची प्रारूप विकास योजना प्रसिद्ध झाली की याच १९६६ च्या अधिनियमाच्या कलम २६ खालील सूचनेपासून ३० दिवसांत हरकती व सूचना द्यायच्या असतात. ही मुदत मोजणी सुरू करण्यासाठी पुरत नाही, म्हणून चौकोनांचे काम आधीच करून ठेवावे. हरकतीत ‘आमच्या भागात रस्ते नाहीत’ असे मोघम लिहू नये. गट क्रमांक, प्रस्तावित रस्ता कोणत्या दोन बिंदूंना जोडेल, आज त्या बिंदूंमधले रस्त्याने अंतर किती व हवाई अंतर किती, जोडणीनंतर गुणोत्तर आणि वळसे किती होतील, आड येणारे बांधकाम आहे की मोकळी जमीन, एवढे पाच मुद्दे आणि सोबत ए-थ्री आकाराचा एक नकाशा जोडावा. प्रत्येक हरकतीत एकच जोड मागावा. दहा जोड एकत्र मागितले तर सुनावणीत त्यांतील सर्वांत कठीण जोडावर चर्चा अडकते आणि सोपे नऊही त्यासोबत मागे पडतात.